गुरूविना वाढलेलं वाद्य: हँडपॅन आणि मानू डेलागो

हँडपॅन हे हातानं वाजवायचं पोलादी वाद्य पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेकांना वाटतं की ते फार जुनं असणार, तिबेटमधल्या एखाद्या मठातून आलेलं. त्याचा तो उडत्या तबकडीसारखा आकार, आघातानंतर घुमत राहणारा नाद, म्हणजे आस, वाजवणाऱ्याचे मिटलेले डोळे, सगळं त्या समजुतीला पोषकच. पण हे वाद्य जेमतेम पंचविशीतलं आहे, आणि ते जन्मलं स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात. भारताचा त्यात वाटा आहे, पण तो मठाचा नाही. तो आहे दक्षिणेकडच्या घटमचा, म्हणजे हातानं वाजवायच्या मातीच्या घटाचा.

फेलिक्स रोनर यांनी १९७६ मध्ये बर्नमध्ये त्रिनिदाद या कॅरिबियन बेटाचं स्टीलपॅन ऐकलं आणि ते त्यांच्या डोक्यातून गेलंच नाही. तेलाच्या रिकाम्या पिंपांचे तळ ठोकून त्यांतून सूर काढणारं हे वाद्य. इंग्रजी राजवटीनं चामड्याच्या ढोलांवर निर्बंध घातले, तेव्हा त्रिनिदादच्या लोकांनी आधी बांबू आणि मग लोखंड हाताशी धरलं, त्यातून ते घडलं होतं. रोनर स्वतः पॅन बनवू लागले. १९९३ मध्ये पॅनआर्ट ही संस्था उभी राहिली; सबिना शेररही त्यांना येऊन मिळाल्या. पिंपाचा पत्रा त्यांना अपुरा वाटत होता. म्हणून त्यांनी पोलादी पत्रा नायट्रोजनच्या प्रक्रियेनं कठीण करून घेतला. त्या पत्र्यातून निघणारा सूर वेगळाच होता.

नोव्हेंबर १९९९ मध्ये रेटो वेबर हे स्विस तालवादक त्यांच्याकडे आले. ते घटम वाजवत. त्यांची मागणी साधी होती: असाच हातानं वाजवता येणारा घट हवा, पण त्यावर काही सूर लावलेले हवेत. रोनर आणि शेरर यांनी दोन अर्धगोल कवचं तोंडाला तोंड लावून जोडली. वरच्या कवचाच्या मध्यावरच्या उंचवट्याला नाव मिळालं डिंग, त्याच्याभोवती इतर सुरांचं कडं, आणि खालच्या कवचाला एक गोल भोक, त्याचं नाव गू. त्या भोकातून आतली हवा घुमते, घटमच्या तोंडातून घुमते तशीच. वाद्याला नाव दिलं हँग; हँडपॅन हे नाव नंतरचं. बर्नच्या बोलीत त्याचा अर्थ हात. २००१ मध्ये फ्रँकफुर्टच्या संगीत मेळ्यात ते जगासमोर आलं.

आपल्या कानाला ते इतकं ओळखीचं का वाटतं, याचं एक कारण त्याच्या घडणीत आहे. प्रत्येक सुराची जागा अशी ठोकलेली असते की तिच्यातून मूळ सुराबरोबर त्याचं वरचं सप्तक आणि त्यावरचा पंचमही निघावा. कंपनांचं हे प्रमाण एकास दोनास तीन असं लावतात. म्हणजे एका टिचकीत सा, तार सा आणि तार पंचम! तानपुऱ्याच्या नादात बसलेल्या माणसाला हे परकं कसं वाटेल?

हँग बाजारात सहज मिळत नसे. पुढच्या काळात तर तो हवा असेल तर बर्नला पत्र लिहायचं, बोलावणं आलं की स्वतः जाऊन घ्यायचा, असा शिरस्ता झाला. मागणी प्रचंड, हातानं घडणारी वाद्यं मोजकी. त्या पोकळीत इतर कारागीर उतरले. अमेरिकेतल्या पँथिऑन स्टीलनं २००७ च्या सुमारास स्वतःच्या वाद्यासाठी हँडपॅन हा शब्द वापरला आणि पुढे सगळ्या जातकुळीला तेच नाव चिकटलं. पॅनआर्टनं २०१३ मध्ये हँग बनवणं थांबवलं. हँगच्या रूपावर हक्क कुणाचा, हा वाद मात्र न्यायालयात गेला. २०२४ मध्ये बर्नच्या व्यापारी न्यायालयानं हँगला कलाकृती म्हणून कॉपीराइटचं संरक्षण आहे, असा निर्णय दिला.

हे सगळं घडत असताना एक प्रश्न उभाच होता. वाजवायचं कसं, हे सांगणार कोण? तबल्याला बोल आहेत, कायद्यांसारख्या ठरलेल्या रचना आहेत, घराणी आहेत. घटमला पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त आहे. हँगला काहीच नव्हतं. त्याच्या जनकांनाही ठरावीक शिक्षणपद्धत नको होती. माणसानं ते मांडीवर घ्यावं आणि स्वतःच शोधावं, असा त्यांचा ओढा. कुणी त्याला हँग ड्रम म्हटलेलं त्यांना खपत नसे, कारण ड्रम म्हटलं की माणूस बडवायला लागतो.

मानू डेलागो हा त्या पहिल्या, गुरूविना शिकलेल्या पिढीतला. जन्म १९८४ चा, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचा. त्यानं अभिजात तालवाद्यांचं शिक्षण घेतलं, लंडनच्या गिल्डहॉल या संगीत विद्यालयात जॅझ ड्रम्सचं, आणि पुढे संगीतरचनेचंही. म्हणजे हँग हाती आला तेव्हा त्याचे हात तयार होते, फक्त त्या वाद्याचा रस्ता तयार नव्हता. २००७ मध्ये त्याचा एकट्यानं हँग वाजवतानाचा व्हिडिओ यूट्यूबवर आला आणि लाखो लोकांनी तो पाहिला. मला त्यात आजही सर्वांत मोलाची वाटते ती त्याची तालाची स्पष्टता. या वाद्याची आस इतकी लांब की वाजवणारा तिच्यात सहज वाहून जातो, आणि सगळं गोड पण अस्ताव्यस्त होतं. डेलागो सूर लावतो तितक्याच काळजीनं तो बंदही करतो.

एका हँगवर सूर मोजके, म्हणून तो अनेक हँग भोवती मांडून वाजवतो आणि त्यांच्यासाठी लिहितो. बास क्लॅरिनेट वाजवणाऱ्या क्रिस्टोफ पेपे आउअर यांच्यासोबत त्यानं लिव्हिंग रूम ही जोडी केली, ऑर्केस्ट्राबरोबर हँग वाजवला. २०११ पासून आइसलँडची गायिका ब्यर्कच्या बायोफिलिया दौऱ्यात तो होता. २०१८ च्या पॅरासोल पीक या संगीतपटात तर सात वादक वाद्यं पाठीवर घेऊन आल्प्स चढले आणि वाटेत ठिकठिकाणी वाजवत गेले.

शिकवण्याचं काम दुसऱ्या काहींनी जास्त पद्धतशीर अंगावर घेतलं. जर्मनीचे डाव्हिड कुकरमान हे मूळचे डफाच्या जातीच्या वाद्यांचे वादक. त्यांनी बोटांचा आघात, पोकळ आणि भरीव नाद, दोन्ही हातांचा तोल यांचे धडे करून इंटरनेटवर आणले. अडचण अशी की शिष्याच्या हातातलं वाद्य गुरूच्या वाद्यासारखं असेलच असं नाही. प्रत्येकाची सुरावट वेगळी. म्हणून शिक्षक सुराचं नाव सांगण्याऐवजी बरेचदा जागेचा क्रमांक सांगतात: डिंगपासून मोजत एक, दोन, तीन.

सध्या सर्वांत जास्त दिसणारी सुरावट डी कुर्द म्हणून ओळखली जाते. डिंगला सा मानला तर तिचे सूर आसावरी थाटाचे: शुद्ध रे, कोमल ग, ध, नी. पण मध्ये मोठी फट आहे. डिंगच्या सानंतर थेट पंचम येतो, त्या सप्तकातले रे, ग, म नाहीतच. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नाही, सूर हलवणारं गमक नाही. आपल्याकडच्या जलतरंगाला ही मर्यादा चांगली ठाऊक आहे. हँडपॅनवर राग वाजवतो म्हणणाऱ्यानं आधी तिचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. थाटाचे सूर जुळले म्हणून आसावरी राग उभा राहत नाही.

डेलागोनं या मर्यादेवर काढलेला मार्ग मला पटतो. सतारवादक अनुष्का शंकर यांच्या २०१३ च्या ट्रेसेस ऑफ यू या अल्बममध्ये तो हँग वाजवतो, आणि २०१६ च्या लँड ऑफ गोल्डच्या रचनांत तर त्याचा रचनाकार म्हणूनच सहभाग आहे. तिथे हँग राग मांडायला जात नाही. सतारीची मींड आणि संजीव शंकर यांची शहनाई सूर वळवतात, खेचतात. हँग त्यांच्याखाली पंचम धरून ठेवतो, लय मोजतो, आणि मध्येच त्या पोलादी कवचाच्या पोटातून एक खोल घुमारा येतो. रेटो वेबर जो घट घेऊन बर्नला गेले होते, त्याचा आवाज मला तिथे स्पष्ट ऐकू येतो.