साठीनंतरची सुई

साठी उलटल्यावर सुई हातात घेतली की पहिली झटापट नेढ्याशी. दोरा ओला करा, टोक तिरपं कापा, तरी तो बाजूनंच सटकतो. दोष हाताचा नसतो. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होत जातं आणि चाळिशीनंतर जवळचं बघायला हवं तेवढं फुगत नाही. चष्मा तेवढं भागवतो, पण उजेडाचं काय? बाहुली आकसते, भिंग पिवळट होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. त्यातून पिवळं भिंग निळा प्रकाश जास्त अडवतं. म्हणून रात्री काळा समजून ओवलेला दोरा सकाळी गडद निळा निघतो. इथे नंबर वाढवून उपयोग नाही, पांढरा दिवा जवळ हवा. तो बाजूनं तिरपा ठेवावा, म्हणजे टाक्यांच्या सावल्या पडून उंचसखलपणा दिसतो.

बोटांच्या टोकांत, त्वचेच्या वरच्या थरालगत, मायस्नर नावाच्या कणिका असतात. धागा चिमटीतून निसटतोय, हे त्या कळवतात. वयाबरोबर त्यांची संख्या घटते. म्हणूनच मला वाटतं, उशिरा सुरुवात करणाऱ्यानं एकधाग्याच्या नाजूक भरतकामामागे न लागता मिश्र माध्यमाकडे वळावं. लोकर, लेस, सुतळी, कागद, बटणं... इथले फरक बोटांना सहज समजतात.

कागद मात्र फसवा. कापडात सुई धाग्यांमधून वाट काढते, आणि ती निघाली की धागे पुन्हा जवळ सरकतात. कागदाचं भोक बुजत नाही. टाके दाट घातले की टपाल तिकिटांमधल्या भोकांसारखी फाडायची रेघ तयार होते. धावदोरा लांब ठेवावा आणि कागदाखाली कापडाचा तुकडा घ्यावा.

असे थर वाढले की सुई ओढायला जोर लागतो. चिमटीच्या टोकाशी १ किलो जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा दाब येतो. संधिवात तिथेच बोलू लागतो. लोकरीनं चित्रं भरणाऱ्या अमेरिकी चित्रकार ग्रँडमा मोझेस यांनी सत्तरीत ब्रश धरला, तो सांधेदुखीमुळे सुई चालवणं जड जाऊ लागलं म्हणून.

आणि मेंदू? २०१४ साली अमेरिकेतल्या डॅलसच्या संशोधकांनी ६० ते ९० वयाच्या २२१ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जण तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, क्विल्ट (गोधडीसारखं पांघरूण) शिवायला शिकले, काही डिजिटल फोटोग्राफी, काही दोन्ही. गप्पा, सहली किंवा सोपी कोडी यांत वेळ घालवणाऱ्यांपेक्षा नवं शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारली. फायदा फोटोग्राफीवाल्यांत अधिक ठळक होता, हे शिवणाऱ्यांना रुचणार नाही! माझा तर्क असा की टाक्याचं वळण एकदा हाताला बसलं की डोकं मोकळं होतं. तारेला कागद कसा टाचायचा, असा प्रश्न समोर आला की ते पुन्हा कामाला लागतं.

अंगठा वाचवायचा असेल तर रबरी फुग्याचा तुकडा कापून ठेवा. सुई त्यात धरली की घर्षण वाढतं, आणि जाड थरातूनही ती कमी जोरात बाहेर येते.