मोफत कोर्स आणि मुक्त साहित्य

मागे एका ऑनलाइन मंचावर स्टॅटिस्टिक्सचा फुकट कोर्स लावला होता. चौथ्या आठवड्यापर्यंत गाडी बरी चालली, मग घरात लग्न निघालं. दीड महिन्याने उघडून बघतो तर सगळ्या व्हिडिओंना कुलूप आणि शेजारी पैसे भरायचं बटण. भांडणार कुणाशी? अटींत ते लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. कोर्स मोफत होता. मी तो मुक्त समजून बसलो होतो.

मराठीत हे दोन शब्द सरळ वेगळे आहेत: मोफत म्हणजे पैसे न लागणारं, मुक्त म्हणजे उतरवून घ्यायला, बदलायला, वाटायला मोकळं. तरी गल्लत होतेच. त्यात नाशिकच्या मुक्त विद्यापीठामुळे ‘मुक्त’ला आपल्याकडे तिसराच अर्थ चिकटलाय. तिथे मोकळा आहे तो प्रवेश. फी भरावी लागतेच.

गंमत म्हणजे दोन्ही तऱ्हा अमेरिकेतल्या एकाच विद्यापीठाने, एमआयटीने, करून दाखवल्या. २००१ मध्ये त्यांनी ओपनकोर्सवेअर जाहीर केलं. तिथे नावनोंदणी नाही, प्रमाणपत्र नाही, शंका विचारायला कुणी नाही. टिपणं, गृहपाठ, जुने पेपर, कुठे कुठे व्हिडिओ, एवढंच. पण आख्खा कोर्स झिप फाइलमध्ये उतरवून घेता येतो आणि सोबत क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन असतं, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायची आणि वाटायची आगाऊ परवानगी. त्याच्या अटी तीन: मूळ नाव द्या, धंदा करू नका, बदललेलं पुढे देताना याच अटींवर द्या. म्हणजे क्लासवाल्याने त्यातल्या नोट्स छापून विकायच्या नाहीत, पण शिक्षकाने भाषांतर करून वर्गात वाटायला कुणाची हरकत नाही.

२०१२ मध्ये हार्वर्डला सोबत घेऊन एमआयटीनेच एडेक्स हा ऑनलाइन कोर्सचा मंच काढला. इथे तारखा, तपासले जाणारे गृहपाठ, चर्चा. इलेक्ट्रॉनिक सर्किट्सच्या पहिल्या कोर्सला दीड लाखाहून जास्त लोकांनी नाव घातलं. शेवटी प्रमाणपत्र मिळालं ७,१५७ जणांना. तेव्हा प्रमाणपत्रही फुकट होतं. २०१५ अखेर फुकट प्रमाणपत्र बंद झालं, २०१८ अखेरीपासून फुकटवाल्यांचे गुण मिळणारे गृहपाठ गेले आणि फुकट बघण्याला मुदतही आली. २०२१ मध्ये एडेक्स ८० कोटी डॉलरला एका कंपनीला विकलं गेलं. यात बेकायदा काही नाही. मोफत देणारा उद्या हात आखडू शकतो, इतकंच. क्रिएटिव्ह कॉमन्सचं तसं नाही: अटी पाळत असाल तर एकदा दिलेली परवानगी काढून घेता येत नाही. उद्या साइट बंद पडली तरी तुमच्याकडची झिप वैध.

एकट्याने शिकणाऱ्याला हा फरक जाणवतोच असं नाही. खरं सांगायचं तर ओपनकोर्सवेअरचा एकही कोर्स मी शेवटाला नेलेला नाही. मागे तारखेचा बडगा लागतो. फरक पडतो तो शिकवणाऱ्याला. तालुक्याच्या कॉलेजातल्या एखाद्या मॅडम घ्या. लॅबमधलं नेट बेभरवशाचं, पोरांना इंग्रजी जड, उदाहरणात डॉलर आणि मैल. मोफत कोर्स असेल तर त्या फार तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकतील. साहित्य मुक्त असेल तर ते पेनड्राइव्हवर घेतील, गणितातले डॉलर खोडून कांद्याचा भाव घालतील, आणि ते शेजारच्या कॉलेजलाही देतील.

आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा. लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन अशा सॉफ्टवेअरचे दहाएक मिनिटांचे व्हिडिओ. स्क्रीन तीच, आवाज मात्र मराठीत: ‘एंटर दाबा’. मुलगा थांबवतो, दाबतो, पुढे जातो. तेही क्रिएटिव्ह कॉमन्सखालीच आहे, आणि त्यात ‘धंदा करू नका’ ही अटसुद्धा नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘फ्री आहे’ म्हणालं, की पानाच्या तळाशी जा. ‘ऑल राइट्स रिझर्व्ह्ड’ दिसलं तर लिंक पाठवा आणि मुदत बघून ठेवा. ‘सीसी’, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, दिसलं तर पेनड्राइव्ह काढा.