इंचभरावरून मारलेला ठोसा: जोर कुठला, ढकलणं कुठलं

इंचभर अंतरावरच्या ठोशाची चर्चा आजही ब्रूस लीच्या १९६४ सालच्या एका प्रात्यक्षिकापाशी येऊन थांबते. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या कराटे स्पर्धेतलं. त्याआधीचं थोडक्यात: दक्षिण चीनमधल्या फोशानची विंग चुन ही कुंग फूची शैली १९५० च्या सुमारास हाँगकाँगात रुजली आणि तिथल्या गच्च्यांवर पोरांच्या झुंजी रंगू लागल्या. ही शैली एका भिक्षुणीने घडवली अशी कथा सांगतात, पण तिला कागदोपत्री आधार नाही. या शैलीत हात आधीच समोरच्याच्या हाताला भिडलेला असतो. मूठ मागे घ्यायला जागाच नसते, म्हणून जवळून जोर काढणं भाग पडलं.

लाँग बीचला दिसलं ते मात्र निव्वळ विंग चुन नव्हतं. उजवी बाजू पुढे, मागची टाच उचललेली, कमरेला झटका. स्वयंसेवकामागे खुर्ची ठेवलेली होती आणि तो तिच्यात जाऊन पडला.

हा ठोसा होता की नुसतं ढकलणं, या वादाचं मूळ ती खुर्चीच आहे. हिशेब करून बघा. ७० किलोचा माणूस सेकंदाला १ मीटर वेगाने मागे जायचा तर ७० न्यूटन-सेकंद इतका आवेग (जोर गुणिले तो लावल्याचा वेळ) लागतो. बॉक्सरच्या चांगल्या ठोशामागे हाताचं परिणामी वजन ३ ते ४ किलो आणि वेग सेकंदाला ८ मीटर धरला, तरी आवेग तिशीच्या आसपासच भरतो. उरलेला येतो तो मूठ छातीला टेकून राहिल्याने, म्हणजे ढकलण्यातून. शिवाय पाय शेजारीशेजारी ठेवून उभ्या असलेल्याचा तोल मागच्या बाजूला फार लवकर जातो. समर्थक म्हणतात, अंगाला अंग भिडलेल्या झुंजीत तोल घालवणं हीसुद्धा कमाईच. ते खरं आहे. पण माणूस किती लांब गेला यावरून ठोशाचा जोर ठरवणं साफ चूक आहे. इजा होते ती काही मिलिसेकंदांत चढणाऱ्या दाबाने.

तो दाब असा चढतो: मागच्या पायाने जमीन रेटायची, गुडघा सरळ होताना कंबर थोडी वळवायची, कोपर बरगडीसमोर खाली ठेवून पुढे सोडायचं आणि मूठ शेवटच्या क्षणी आवळायची. मूठ आधीच आवळली तर दंडाचा पुढचा स्नायूच हाताला ब्रेक लावतो. खांदा वर चढला किंवा कोपर बाहेर गेलं की पायाचा रेटा खांद्यातच विरतो. मनगट दुमडलं तर ते मुरगळतं.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिश्र मार्शल आर्ट्सच्या अव्वल खेळाडूंच्या स्नायूंत ताणाची दोन शिखरं दिसली: सुरुवातीला एक, मधे सैलपणा, आघाताच्या क्षणी दुसरं. २०१२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी १२ कराटे ब्लॅक बेल्ट आणि व्यायाम करणारे १२ नवखे यांना ५ सेंटिमीटरवरून ठोसे मारायला लावले. ब्लॅक बेल्टवाल्यांचा जोर जास्त भरला. फरक स्नायूंच्या ताकदीत नव्हता. खांदा आणि मनगट यांचे कमाल वेग जुळवून आणण्यात होता. मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्यातले, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तंतूंतले, फरकही या जुळणीशी निगडित निघाले. त्यामुळे नुसती डंबेल्स वाढवून हा ठोसा सुधारत नाही.

सरावात स्वतःला तपासायला टांगलेली पिशवी पुरते. ती झोका घेत लांब गेली तर तुम्ही ढकलताय. जागच्या जागी दुमडली आणि कोरडा आवाज आला तर ठोसा लागला.