कंपवाताचे उंदीर आणि मिनोसायक्लिनची घाई

पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांच्या मेंदूत मायक्रोग्लिया या मेंदूच्या संरक्षक पेशी चेतलेल्या असतात, हे १९८८ मध्येच नोंदवले गेले होते. पण न्यूरॉन मेल्यावर साफसफाईला त्या जमतात की न्यूरॉन मारायला हातभार लावतात, हे मृत्यूनंतरच्या तपासणीतून कळणे शक्य नव्हते.

त्यासाठी उंदीर लागले. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात बनावट हेरॉइन टोचून घेतलेल्या तरुणांचे शरीर ताठरले, त्यामागे एमपीटीपी हे विष निघाले. काळ्या सी५७ जातीच्या उंदरांवर ते चालते, म्हणून प्रयोगशाळांत तेच रुळले. १९९९ मध्ये या विषाची बाधा झालेल्या तिघांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले. विष घेऊन ३ ते १६ वर्षे उलटली होती, तरी चेतलेल्या मायक्रोग्लियांचा दाह चालूच होता. त्याच वर्षी, दाहात नायट्रिक ऑक्साइड बनवणारे एन्झाइम नसलेल्या उंदरांचे न्यूरॉन बऱ्याच अंशी वाचतात, हेही दिसले.

इथून मिनोसायक्लिनचे प्रकरण सुरू होते. मुरुमांवर सर्रास दिले जाणारे हे प्रतिजैविक मायक्रोग्लियाला शांत करते. २००१ आणि २००२ च्या प्रयोगांत त्याने उंदरांचे न्यूरॉन वाचवले. २००३ मध्ये मात्र संशोधकांच्या दुसऱ्या गटाला, उंदरांना त्याच विषासोबत ते दिल्यावर हानी वाढलेली आढळली. २००४ मध्ये माकडांतही अपायच दिसला. तरीही सुमारे २०० रुग्णांवर चाचणी झाली आणि २००६ मध्ये ‘पुढे तपासण्याजोगे’ असा शेरा मिळाला. औषध जुने, ओळखीचे आणि रुग्णांच्या हाती दुसरे काही नाही, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण उंदराला औषध मिळते ते विषाच्या आगेमागे. माणूस डॉक्टरकडे येतो तेव्हा बरेच न्यूरॉन आधीच गेलेले असतात. हा फरक तेव्हाही ठाऊक होता आणि माझ्या मते त्याला फारच कमी वजन दिले गेले. २००७ मध्ये एएलएस या स्नायू दुबळे करणाऱ्या मज्जाविकाराच्या चारशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत मिनोसायक्लिन घेणाऱ्यांची प्रकृती अधिक वेगाने ढासळली, तेव्हा कुठे उत्साह ओसरला.

पुढे विषाऐवजी, पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत साचणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनावर भर आला. २०१२ मध्ये त्याचे तंतू टोचलेल्या साध्या उंदरांतही विकृती मेंदूभर पसरली. २०१६ मध्ये, हेच प्रथिन जास्त बनवणाऱ्या उंदरांना जंतुविरहित वाढवले तेव्हा मायक्रोग्लिया कमी चेतल्या आणि हालचालीही सुधारल्या. त्यामुळे संशोधकांची नजर आतड्यातल्या जंतूंकडे वळली. २०१८ मध्ये, मायक्रोग्लियामुळे अ‍ॅस्ट्रोसाइट (न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशी) मारक बनणे रोखणाऱ्या, मधुमेहाच्या औषधांच्या कुळातील एका रेणूने उंदीर वाचवले. नुकतेच निदान झालेल्या रुग्णांवरील त्याची चाचणी २०२३ मध्ये निष्फळ ठरली; साठीच्या आतल्यांत थोडा फायदा दिसला, पण तो नंतरच्या विश्लेषणात.