थ्री नॉट थ्रीच्या बोल्टवरचा क्रमांक

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात थ्री नॉट थ्री रायफलीला, म्हणजे .३०३ इंच नळीच्या ब्रिटिश बनावटीच्या ली-एनफील्डला, निरोप दिला. त्या बातमीवर बोलताना एका मित्राने केलेले विधान मी आधीही अनेकांच्या तोंडून ऐकले होते : पश्चिम बंगालमधील इशापूरच्या शस्त्र कारखान्याची ७.६२ मिलिमीटरची रायफल म्हणजे नळी पोखरून घेतलेली थ्री नॉट थ्रीच. हे मुळातच अशक्य आहे. .३०३ इंच म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर, पोखरल्याने भोक वाढते, कमी होत नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरच्या कारखान्याने ही ७.६२ ची रायफल आधी २ए आणि १९६५ पासून २ए१ या नावाने, अधिक दाब सोसणाऱ्या पोलादात नव्याने घडवली. थ्री नॉट थ्री आणि २ए१ दुरून सारख्या दिसत असल्या, तरी चौकोनी कोपऱ्यांचे मॅगझिन आणि केवळ ८०० मीटरपर्यंत आखलेली बॅक साइट, म्हणजे नेम धरण्याची मागची पट्टी, पाहिली की २ए१ ओळखता येते.

जुन्या रायफलीची खरी ओळख उजव्या बाजूला, बट सॉकेटवर, म्हणजे लाकडी दस्ता ज्या पोलादी कड्यात बसतो तेथे असते. इंग्लंडमधील बनावटीवर राजमुकुटाखाली ‘जी. आर.’ अशी अक्षरे असतात, तर इशापूरच्या बनावटीवर ‘जी. आर. आय.’ अशी, यातील ‘आय’ म्हणजे इम्पेरेटर, हिंदुस्थानचा सम्राट. त्याखाली कारखाना, वर्ष आणि प्रकार येतो. ‘नंबर १’ हे नाव १९२६ मध्ये आले, त्याआधी तेथे ‘शॉर्ट ली-एनफील्ड’चे लघुरूप असे. ‘मार्क ३’ या प्रकाराच्या नावापुढील तारका १९१६ च्या सुलभीकरणाची खूण आहे : महायुद्धात उत्पादन वाढवण्यासाठी मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधील काडतुसे रोखून धरणारी पट्टी) आणि लांब पल्ल्याची बाजूची साइट वगळण्यात आली. मात्र बट सॉकेटवरील हे वर्ष फक्त पोलादी सांगाड्याचे, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या रिसीव्हरचे असते. नळीवर तिचे स्वतःचे वर्ष असते, आणि लाकूड तर कितीदा बदललेले असते. म्हणून १९१६ चा ठसा दाखवून ‘ही रायफल सोमच्या (पहिल्या महायुद्धातील, फ्रान्समधील) लढाईत होती’ असे सांगत किंमत वाढवणाऱ्या विक्रेत्यावर पुराव्याशिवाय विश्वास ठेवू नये. ठशात तारीख असते, रणांगण नसते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत सरकवून मागून अडवून धरणाऱ्या पोलादी दांड्याच्या, मुठीच्या मुळाशी ठोकलेला क्रमांक. तो सांगाड्यावरील क्रमांकाशी जुळलाच पाहिजे, हा आग्रह संग्राहकाची हौस म्हणून सोडून देण्यासारखा नाही. .३०३ च्या काडतुसाला मागे पितळी कडा असते. काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागील खोबणीत) सरकवले की ही कडा नळीच्या मागच्या तोंडावर अडते आणि तिच्या पाठीला बोल्टचे डोके टेकते. कडेसाठी उरणारी ही फट सुमारे १.६३ ते १.८८ मिलिमीटर असावी लागते. दारू पेटली की पातळ पितळी भिंत फुगून चेंबरला घट्ट चिकटते, पण जाड बूड तेवढे फुगत नाही; ते दाबाने मागे ढकलले जाऊन बोल्टवर आदळते. फट जास्त असेल, तर पुढचा भाग जागेवर पकडलेला आणि मागचा भाग मागे जाणारा, अशा ओढाताणीत कडेच्या किंचित पुढे पितळ ताणले जाते, आतून बारीक वर्तुळाकार खाच पडते, आणि पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच) तेथेच दोन तुकडे होऊन तुटू शकते. मग तप्त वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने वाट शोधतात.

ही फट ठरते ती बोल्टच्या मागील बाजूच्या दोन आधारांवर. ली-एनफील्डमध्ये बोल्ट पुढून नव्हे तर मागून अडतो, त्यामुळे धक्क्याच्या क्षणी डोक्यापासून आधारापर्यंतचा सगळा दांडा दबतो. दोन्ही आधार सारखे टेकले नाहीत, तर भार एकाच बाजूवर पडतो. म्हणून कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्याच्या सांगाड्यात घासून बसवत, आट्यांवर बसणारे डोके योग्य लांबीचे निवडत, आणि हे काम झाल्यावरच क्रमांक ठोकत. तो क्रमांक म्हणजे एका कारागिराने केलेल्या मोजमापाची नोंद आहे. ७.६२ च्या काडतुसाला अशी बाहेर आलेली कडा नसते. ते स्वतःच्या खांद्यावर, म्हणजे पुंगळी निमुळती होते त्या उतारावर अडते, म्हणून २ए१ मध्ये तेच मोजमाप चेंबरच्या उतारापासून घ्यावे लागते.

एनसीसीत आम्ही ज्या डीपी रायफली खांद्यावर घेऊन कवायत केली, त्यांवरील ती दोन अक्षरे म्हणजे ‘ड्रिल पर्पज’, केवळ कवायतीसाठी. त्या गोळीबारासाठी बाद ठरलेल्या असतात, आणि त्यांतील बोल्ट काढून दुसऱ्या रायफलीत घालणे धोक्याचे आहे. क्रमांक न जुळणारी प्रत्येक रायफल मात्र संशयास्पद नसते. सैन्यातील आर्मोरर (शस्त्रे दुरुस्त करणारे कारागीर) बोल्ट बदलत, तेव्हा जुना क्रमांक रेघ मारून रद्द करत आणि शेजारी नवा ठोकत. अशा बोल्टवर रेघेखालचा अंक अजून वाचता येतो आणि नव्या अंकांच्या कडाही जुन्यांइतक्याच वापराने बोथट झालेल्या दिसतात. कडा ताज्या, धारदार असतील आणि भोवतीचा जुना काळसर मुलामा खरवडलेला असेल, तर तो ठसा विक्रीसाठी नुकताच ठोकलेला असण्याची शक्यता मोठी. दोन्ही बाबतींत निर्णय गेजवर, म्हणजे ठरावीक जाडीच्या मोजमापाच्या तुकड्यावर सोपवावा : १.८८ मिलिमीटरचे गेज आत ठेवल्यावर बोल्ट पूर्ण बंद होत असेल, तर क्रमांक कितीही जुळत असले तरी ती रायफल झाडू नये.