नागपुरात प्रीमॅच्युअर बाळांसाठी चॅरिटी वॉक काढायचा आहे? पात्रता, परवानगी आणि कागदपत्रं

१७ नोव्हेंबरला जागतिक प्रीमॅच्युरिटी दिवस असतो, म्हणून त्या आठवड्यात फुटाळा तलावावर नाहीतर सिव्हिल लाईन्समध्ये वॉक काढायचं बऱ्याच ग्रुपमध्ये ठरते आणि पहिलं काम होते जांभळ्या टी-शर्टची ऑर्डर. टी-शर्ट नंतर, आधी कागद बघा. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेली, म्हणजे प्रीमॅच्युअर बाळं २०२० साली भारतात अंदाजे ३० लाख होती, जगात सगळ्यात जास्त, म्हणजे पैसा लागतोच, पण तो गोळा कोणी करायचा याला नियम आहेत.

नोंदणी असलेला ट्रस्ट वर्गणी घेऊ शकतो, फक्त त्याच्या उद्देशांत आरोग्य किंवा वैद्यकीय मदत लिहिलेली पाहिजे. ट्रस्टच्या पावतीवर ई किंवा एफ अक्षराचा नंबर आणि पुढे नागपूर असं असते, तो नंबर बघूनच पुढे बोला. तुमचा ग्रुप नोंदणीचा नसेल, म्हणजे मॉर्निंग वॉकवाले, महिला मंडळ, कॉलेजची पोरं, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. अर्ज ऑनलाईन होतो, ग्रुपचा ठराव, पदाधिकाऱ्यांचे आधार-पॅन तयार ठेवा, आणि कार्यक्रम झाल्यावर हिशेब द्यावाच लागतो.

मला विचाराल तर ८०जी (देणगी देणाऱ्याला आयकरात सवलत मिळते ते प्रमाणपत्र) असलेला ट्रस्ट सोबत घ्या आणि सगळे पैसे थेट त्याच्याच खात्यात जाऊ द्या. "माझ्या जीपेवर टाका, मी नंतर भरतो" हे कितीही ओळखीचा माणूस म्हणाला तरी नको, कारण उद्या कोणी विचारलं तर दाखवायला काहीच राहत नाही. ट्रस्टकडून नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट १ चा उतारा (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीचा), वॉकबद्दलचा ठराव, पॅन, ८०जी प्रमाणपत्र, मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट, कॅन्सल चेक एवढं घ्या. २००० रुपयांच्या वर रोख दिली तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही हे काउंटरवर लिहूनच ठेवा. टी-शर्ट-नाश्त्याची फी वेगळी आणि देणगी वेगळी, एकाच पावतीत कोंबू नका.

आता एक गोष्ट जी आपल्याकडे हमखास येते, अमेरिकेतला भाचा पैसे पाठवतो म्हणते. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर चालते. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी झाली, ओसीआय (मूळच्या भारतीयांना मिळते ते) कार्ड असलं तरी, आणि ती फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते, तेही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात.

रस्त्यासाठी वॉक जिथून निघणार तिथल्या पोलीस स्टेशनला आणि वाहतूक शाखेला अर्ज. सोबत रूटचा नकाशा, सुरू-संपायची वेळ, अंदाजे माणसं, व्हॉलंटियरची नावं-नंबर, आयोजकाचं ओळखपत्र, अ‍ॅम्ब्युलन्सची सोय. मैदान किंवा बाग लागत असेल तर त्याची एनओसी वेगळी. डागा या बायांच्या सरकारी हॉस्पिटलसमोर किंवा मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) गेटवर शेवट करायचं मनात येते, पण हॉस्पिटलपासून १०० मीटर शांतता क्षेत्र असते, तिथे लाऊडस्पीकर नाही, आतमध्ये कोणाची तरी डिलिव्हरी चालू असते राजेहो. डिसेंबरवर ढकलू नका, हिवाळी अधिवेशनात सगळा बंदोबस्त तिकडेच लागतो.

अर्जातला उद्देश नीट लिहा. "प्रीमॅच्युअर बाळांसाठी मदत" एवढ्याने भागत नाही, बाळंतपण वेळेआधी होऊ नये म्हणून काय करणार ते लिहा: गरोदरपणात रक्त-लघवीच्या तपासण्या, ॲनिमिया आणि इन्फेक्शनवर वेळेत उपचार, बीपीवर लक्ष, आणि आपल्या विदर्भात तर खर्रा सोडवायचं समुपदेशन, कारण तंबाखूने वेळेआधी बाळंतपणाचा धोका वाढतो आणि बायाही खर्रा खातात हे आपण बोलतच नाही. सरकारी दवाखान्याला वस्तू द्यायची असेल तर अधीक्षकांकडून काय पाहिजे ते पत्र आधी घ्या, नाहीतर दिलेली मशीन तशीच पडून राहते. बाळाचा फोटो बॅनरवर लावणार असाल तर आईबापाची लेखी संमती त्याच फाईलमध्ये लावा.