बिबा उतला, हळद अडली

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरजवळच्या खेड्यात मामांकडे गेलो, तर ते धोतर गुडघ्याला टेकू देत नव्हते. सोरायसिस या त्वचारोगाचा जुना चट्टा. कोणीतरी गजकर्ण समजून बिब्याचं तेल लावायला सांगितलं आणि बिबा उतला. भोवती काळे वळ, पाणी भरलेले फोड. "झाडपाल्याचंच त होतं, त्यानं का होते?"

होतं. झाडातली रसायनंही रसायनंच असतात.

याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. हळदीतलं कुरकुमिन हे पॉलिफेनॉल, म्हणजे अनेक फिनॉल-गट असलेलं झाडातलं रसायन; कांद्याच्या सालीतलं क्वेर्सेटिनही. दाह शमवण्यासाठी शास्त्रज्ञ त्यांच्याकडे बघतात, ते का?

आपल्या पेशींत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन असतं. एरवी ते दावणीच्या बैलासारखं बांधलेलं. दावं म्हणजे आयकप्पाबी हे दुसरं प्रथिन. धोक्याचा निरोप आला की आयकेके हे विकर दाव्यावर फॉस्फेट चिकटवतं. फॉस्फेट लागलेल्या दाव्याचे पेशी तुकडे करते. सुटलेला बैल थेट केंद्रकात शिरतो आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-6, इंटरल्युकिन-8 या दाह भडकवणाऱ्या निरोप्या प्रथिनांची जनुकं चालू करतो. पांढऱ्या पेशी धावून येतात. गंमत पुढे आहे: तोच टीएनएफ शेजारच्या पेशीतल्या आयकेकेला पुन्हा जागं करतो. दाह दाहाला जन्म देतो. सोरायसिसमध्ये असा दाह पेटलेला राहतो. महिनाभरात वर येणारी त्वचेची पेशी तीन-पाच दिवसांतच वर येते, म्हणून ती चांदीसारखी खपली. प्रयोगशाळेतल्या पेशींत कुरकुमिन नेमकं आयकेकेला रोखतं.

पण हळदीत कुरकुमिन साधारण तीनच टक्के. ते पाण्यात विरघळत नाही, उन्हात मोडतं, त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरातच अडकतं. खाल्लं तरी रक्तात फारसं पोचत नाही. 'हळदीनं सोरायसिस मुळासकट जातो' हा मोबाइलवर फिरणारा निरोप म्हणूनच खोटा. आणि सोरायसिस हा देवीचा कोपही नाही, संसर्गही नाही. मामांचं ताट वेगळं ठेवणाऱ्यांनी हे ऐकावं.

बिब्यातलं भिलावनॉलही फिनॉलच, पण त्याला 15 कार्बनची तेलकट शेपटी आहे. हळद जिथे अडते तिथून ते आत घुसतं, ऑक्सिडीकरणानं क्विनोन नावाचं रसायन होऊन प्रथिनांना चिकटतं आणि प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी त्या प्रथिनांना परकं समजून हल्ला करतात. सोरायसिसमध्ये तर कातडी जिथे दुखावते तिथेच नवा चट्टा उठू शकतो.

2022 मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी टॅपिनारॉफचं मलम मंजूर झालं. द्राक्षातल्या रेस्व्हेराट्रॉल या पॉलिफेनॉलच्याच कुळातला हा रेणू, पण तो पहिल्यांदा सापडला जमिनीतल्या सूत्रकृमींसोबत राहणाऱ्या जिवाणूत. शिवाय तो आयकेकेच्या वाटेला जात नाही, अरिल हायड्रोकार्बन नावाच्या वेगळ्याच ग्राहीला धरतो.

मामांना दुसऱ्या दिवशी वर्ध्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. फोड बसले. वळाच्या कडेला आता दोन नवे चट्टे आहेत.